कोवालिव्का नावाच्या गावातला क्लब

कोल्हापूर

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. सगळे खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं, आणि धाकटीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला ही तर फारच चांगली बातमी. तिला माझे आशीर्वाद सांग.

तू लिहिलंस की एडमंटनला तुझ्या कामावर निम्मी माणसं युक्रेनी घराण्यांतली आहेत, जेवणाच्या सुट्टीत फुटबॉलचा विषय निघतोच, पण बोलणं डायनॅमो कीव आणि शाख्तार दोनेत्स्क यांच्यापुढे सरकत नाही. तेव्हा तिथला तिसरा एखादा संघ असेल तर सांग. बरं झालं विचारलंस. गेली काही वर्षं मी एका संघाच्या मागे आहे आणि त्याच्याबद्दल मनसोक्त बोलायला इथे माणूस मिळत नाही. संघाचं नाव कोलोस कोवालिव्का. आता पत्र लांबलं तर दोष तुझा.

कोवालिव्का हे खेडं आहे, मर्दा. तालुक्याचं ठिकाण नव्हे, की शहराला चिकटलेलं उपनगरही नव्हे. कीवच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या रस्त्यावर. पूर्वी वासिलकीव जिल्ह्यात होतं, 2020 मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा बिला त्सेर्कवा जिल्ह्यात गेलं. वस्ती दीड हजाराच्या आसपास. चहूकडे ती प्रसिद्ध काळी जमीन, आपण शाळेत भूगोलात जिचं नाव पाठ केलं होतं ती. गहू, मका, सूर्यफूल. अशा गावाचा संघ देशाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खेळतो, आणि तोही 2019 पासून सलग.

हे किती अवघड आहे ते समजायला त्या लीगचा थोडा इतिहास हवा. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर 1992 मध्ये पहिली लीग झाली आणि ती क्रिमियातल्या ताव्रिया सिम्फेरोपोलने जिंकली. त्यानंतर 2025 पर्यंत विजेतेपद एक तर डायनॅमोकडे गेलं नाही तर शाख्तारकडे. तुझ्या सहकाऱ्यांचं बोलणं त्या दोन नावांपाशी थांबतं त्याचं कारण हेच. बाकीच्यांनी तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी भांडायचं, आणि त्या बाकीच्यांतही मोठमोठी शहरं: ओडेसा, खार्कीव, द्निप्रो, ल्वीव. त्या रांगेत हे गाव जाऊन बसलं.

क्लब स्थापन झाला 2012 मध्ये. म्हणजे तुझ्या धाकटीपेक्षाही लहान. सुरुवातीला कीव प्रांताच्या हौशी स्पर्धांत खेळत होते. 2015 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये उतरले. तिथे एकच हंगाम काढला आणि 2016 मध्ये दुसऱ्या पायरीवर. तिथे तीन हंगाम, आणि 2019 मध्ये सर्वांत वरच्या लीगमध्ये. स्थापनेपासून सात वर्षांत. आपल्याकडे सात वर्षांत मैदानाच्या कुंपणाचा प्रश्न सुटला तरी पुष्कळ.

आता तू म्हणशील, पैसा कुठून आला? योग्य प्रश्न आहे, आणि मी तो टाळणार नाही. क्लब उभा केला आंद्री झासुखा यांनी. झासुखा कुटुंबाची त्या गावात मोठी शेती कंपनी आहे, 'स्वितानोक' नावाची. वडील अनातोली झासुखा 1996 पासून 2005 पर्यंत कीव प्रांताचे राज्यपाल होते. आई तेत्याना झासुखा खासदार होत्या. म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून बूट घेतले आणि चॅम्पियन झाले, अशी ही गोष्ट नव्हे. सत्ता आणि धान्याचा पैसा दोन्ही पाठीशी होते. तुला समजेल असं सांगायचं तर आपल्या साखर कारखान्याचा एखादा चेअरमन गावातच कॉलेज काढतो, कुस्तीचं मैदान भरवतो, तसं. त्यात त्याचं नाव होतं, वजन वाढतं, हे खरंच. पण कॉलेज गावात राहतं आणि गावची पोरं त्यात शिकतात, हेही तितकंच खरं. झासुखांबद्दल मला एवढंच ठामपणे म्हणायचं आहे की कीव तासाभरावर असताना त्यांनी क्लब कीवला नेला नाही.

आता क्लबच्या नावाचं सांगतो. सोविएत काळात युक्रेनच्या ग्रामीण भागातल्या क्रीडा संघटनेचं नावही 'कोलोस'च होतं, आणि गावोगावी त्या नावाचे संघ होते. सामूहिक शेतीचे संघ एकमेकांशी खेळायचे. सोविएत राज्य गेलं, सामूहिक शेती गेली, आणि त्या जागी मोठ्या खासगी शेती कंपन्या आल्या. युक्रेनचा गेल्या पंधरा-वीस वर्षांचा ग्रामीण फुटबॉल या कंपन्यांच्या जोरावर उभा आहे. किरोवोहराद प्रांतातल्या पेत्रोवे या छोट्या गावाचा इन्हुलेत्स हा क्लब बघ. 2013 मध्ये सुरू झाला, त्यामागेही शेतीचाच पैसा. 2019 मध्ये हा संघ दुसऱ्या पायरीवर असताना युक्रेनियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथवर त्या पायरीवरचा कुठलाही संघ गेला नव्हता. अंतिम सामन्यात शाख्तारने 4–0 ने हरवलं, पण एवढ्याशा गावाचा संघ तिथे उभा तर राहिला! 2020–21 च्या हंगामात वरच्या लीगमध्ये कोलोस, इन्हुलेत्स आणि पश्चिम सीमेजवळच्या मिनाय गावाचा संघ, असे तिघे एकदम होते. चौदा संघांच्या लीगमध्ये तीन अगदी छोट्या वस्त्यांचे. मला तो हंगाम फार आवडतो.

पण कोलोसकडे परत येतो. पैसा असलेले मालक पुष्कळ असतात. बहुतेकांना धीर नसतो. तीन सामने हरले की प्रशिक्षक बदलायचा, ही सगळीकडची रीत. कोलोसने रुस्लान कोस्तिशिन यांच्या हाती संघ दिला आणि पाच वर्षं तो त्यांच्याकडेच ठेवला. कोस्तिशिन स्वतः द्निप्रोकडून खेळलेले मधल्या फळीचे खेळाडू. दुसऱ्या पायरीवरून वर चढतानाही तेच होते, वरच्या लीगमध्येही तेच, युरोपातही तेच. त्यांचा मुलगा डेनिस याच संघात खेळत होता. बापाच्या हाताखाली मुलगा खेळतो तेव्हा लोक काय बोलतात ते तुला माहीत आहे; इथेही बोलले असतील. पण पोरगा चांगला होता, ते मैदानावर दिसत होतं. कोस्तिशिन पुढे क्लब सोडून गेले आणि नंतर पुन्हा तिथेच परतले. आपलं माणूस म्हणून बोलावलं असणार, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

या संघाचा खेळ देखणा नाही, आधीच सांगून ठेवतो. तुला ब्राझीलवाल्यांचा खेळ आवडतो, तुझी थोडी निराशा होईल. मागे दाटी करून उभं राहायचं, समोरच्याला जागा द्यायची नाही, आणि संधी मिळाली की झटकन पुढे पळायचं. एक गोल झाला की दार लावून बसायचं. मला मात्र हा खेळ बघायला आवडतो, कारण त्यात अकराच्या अकरा माणसं पूर्ण नव्वद मिनिटं एकमेकांकडे लक्ष ठेवून असतात. एकाने जागा सोडली की शेजारचा तिथे पोचलेला दिसतो.

2019 चा तो चढाव याच खेळाने झाला. दुसऱ्या पायरीवर ते द्निप्रो-1 च्या मागे दुसरे आले, म्हणून वरच्या लीगच्या तळातल्या संघाशी पात्रता सामने खेळावे लागले. समोर कोण, तर ओडेसाचा चोर्नोमोरेत्स! 1936 सालचा क्लब, स्वतंत्र युक्रेनचा पहिलावहिला कप जिंकलेला, समुद्राकाठी तीस हजारांहून जास्त माणसं बसतील असं स्टेडियम असलेला. दोन लढती झाल्या. दोन्ही मिळून चोर्नोमोरेत्सला एक गोल करता आला नाही, कोलोसने दोन केले. ओडेसा खाली गेलं आणि कोवालिव्का वर.

वर आल्यावर आणखी एक अडचण होती. वरच्या लीगच्या अटींत बसेल असं मैदान गावात तयार नव्हतं, म्हणून सुरुवातीला त्यांना कीवमध्ये ओबोलोन क्लबच्या मैदानावर 'घरचे' सामने खेळावे लागले. इथेच बरेच क्लब घसरतात. शहरातलं मैदान मिळतं, प्रेक्षक मिळतात, वाहिन्यांना सोयीचं पडतं, मग गावाचं नाव फक्त शर्टावर उरतं. कोलोसने तसं होऊ दिलं नाही. गावात सुमारे पाच हजार आसनांचं मैदान बांधलं आणि तिथे परत आले. हिशेब कर: गावातल्या प्रत्येकाला, तान्ह्या पोरापासून अंथरुणावरच्या आजीपर्यंत, बसवलं तरी दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या राहतील. त्या खुर्च्या भरायला आसपासच्या गावांतली माणसं येतात. सामन्याच्या चित्रीकरणात कॅमेरा वर उचलला की स्टँडच्या पलीकडे घरांची छपरं दिसतात आणि मग लगेच शेतं सुरू होतात. डायनॅमो आणि शाख्तार यांना इथे यावं लागतं. राजधानीतल्या कोट्यवधींच्या खेळाडूंची बस या गावच्या रस्त्याने मैदानात शिरते, या कल्पनेनेच मला आनंद होतो.

पहिल्याच हंगामात काय केलं बघ. त्या वर्षी बारा संघ होते. पहिल्या टप्प्यानंतर वरचे सहा आणि खालचे सहा असे दोन गट पाडले जायचे. कोलोस वरच्या सहांत गेला. शेवटी युरोपा लीगच्या एका जागेसाठी पात्रता सामने झाले, त्यात जुलै 2020 मध्ये निर्णायक लढत मारिउपोलशी. नव्वद मिनिटांत निकाल नाही. जादा वेळेत कोलोसने एक गोल केला आणि गाव युरोपात गेलं.

त्या मारिउपोल क्लबचं पुढे काय झालं ते ऐक. 2022 मध्ये ते शहर रशियन फौजांनी वेढलं, उद्ध्वस्त केलं आणि ताब्यात घेतलं. ऑगस्ट 2022 मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा मारिउपोलचा संघ नव्हता. चेर्निहीवचा देस्ना नव्हता. त्यांचं स्टेडियम मार्च 2022 च्या बॉम्बहल्ल्यात मोडलं होतं. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याशी जादा वेळेपर्यंत झुंजलो, तो क्लबच लीगमधून नाहीसा झालेला. तो जुना सामना मी आता बघतो तेव्हा कोलोसच्या गोलाचा आनंद निर्भेळ राहत नाही.

युरोपातली गोष्ट छोटी आहे, पण मला ती पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. कोविडचं वर्ष होतं, त्यामुळे एकेकच लढत, आणि प्रेक्षकांविना. 17 सप्टेंबर 2020 ला थेस्सालोनिकीत अरिसशी सामना. अरिस म्हणजे 1914 सालचा ग्रीक क्लब, तिथलं मैदान आवाजासाठी ओळखलं जातं. त्या दिवशी रिकामं. कोलोसने 2–1 ने जिंकलं. आठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या खेड्यातल्या क्लबाने युरोपातला पहिलाच सामना परदेशात जाऊन जिंकला! पुढच्याच आठवड्यात क्रोएशियात रियेकाविरुद्ध नव्वद मिनिटं 0–0 रोखून धरलं आणि जादा वेळेत दोन गोल खाल्ले. तिथे प्रवास संपला.

त्या हंगामात येव्हेन सेलेझ्न्योवही कोलोसकडे होता. नाव आठवतंय? 2015 मध्ये द्निप्रोने युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत नापोलीला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही लढतींत गोल करणारा तो. मग वॉर्सात अंतिम सामना सेव्हियाकडून 3–2 ने हरले. त्यानंतर दोन वर्षांत त्या मोठ्या द्निप्रोची कर्जापायी वाताहत झाली, खालच्या लीगमध्ये ढकलला गेला. आणि युरोपच्या अंतिम सामन्यात खेळलेला माणूस कारकिर्दीच्या उतरणीवर कोवालिव्कात आला. कोलोसकडून त्याने फार काळ काढला नाही, पण त्या गावातल्या पोरांनी तो जवळून पाहिला.

2020–21 ला कोलोस चौथा आला, आजवरची त्यांची सर्वांत मोठी झेप. मग कॉन्फरन्स लीगच्या पात्रतेत कझाकस्तानच्या शाख्त्योर करागंदीशी गाठ. पहिली लढत 0–0, दुसरी 0–0, जादा वेळ 0–0. दोनशे दहा मिनिटांत कुणालाही गोल नाही आणि शेवटी पेनल्टीवर 3–1 ने हार. गोल न खाता स्पर्धेबाहेर! कोलोसच्या खेळाची ताकद आणि मर्यादा दोन्ही या दोन लढतींत जशाच्या तशा दिसतात. अडवणं त्यांना येतं. ज्या दिवशी गोल मारणारा माणूस हवा असतो त्या दिवशी तो सापडत नाही.

द्निप्रो-1 चं नाव वर आलं, त्याचंही सांगून टाकतो, कारण कोलोसची खरी किंमत मला तिथे कळते. दोघे 2019 मध्ये एकाच वेळी वर आले. द्निप्रो-1 कडे दहा लाखांचं शहर, मोठं स्टेडियम, जास्त पैसा. 2022–23 ला तर ते शाख्तारच्या मागे दुसरे आले. त्या वेळी कोणीही म्हणालं असतं, तिसरी ताकद आली. आणि 2024 च्या उन्हाळ्यात पैसे संपले, युरोपातल्या लढतीलासुद्धा संघ उभा करता आला नाही, माघार घेतली, आणि क्लब लीगमधून गायबच झाला. मिनायही 2024 मध्ये खाली गेला. इतक्या जलद चढलेल्या क्लबांतला कोलोस मात्र, मी हे लिहितोय तोपर्यंत, वरच्या लीगमधून एकदाही खाली आलेला नाही. लोक चढाव मोजतात, कुठल्या वर्षी कितवा आला ते लक्षात ठेवतात. मला त्यांचं टिकणं जास्त मोठं वाटतं. कंटाळवाण्या हंगामांतून एक क्लब आपल्या गावात पाय रोवून उभा राहतो. एकाच कुटुंबाच्या पैशावर चाललेला क्लब उद्या काय करेल, ही धास्ती मलाही आहे, आणि द्निप्रो-1 चं झालेलं पाहून ती वाढली आहे. तरी आजवर त्यांनी जे राखलं त्याला मी मनापासून मानतो.

आणि हे सगळं युद्धात, सुहास. 24 फेब्रुवारी 2022 ला हल्ला सुरू झाला तेव्हा लीगची हिवाळी सुट्टी नुकतीच संपत होती. पहिल्या काही दिवसांतच वासिलकीवला, म्हणजे कोवालिव्काच्या जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, विमानतळावरून लढाई झाली. तो हंगाम विजेत्याविना सोडून द्यावा लागला. सहा महिन्यांनी, 23 ऑगस्टला, कीवमध्ये रिकाम्या ऑलिम्पिक स्टेडियमवर लीग परत सुरू झाली.

तिथे सामना कसा होतो ते तुझ्या सहकाऱ्यांना ठाऊक असेल, तरी लिहितो. मैदानाजवळ तळघर किंवा बंकर असल्याशिवाय सामना होत नाही. सामना चालू असताना हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की पंच शिटी मारतात, दोन्ही संघ आणि सगळी माणसं आत. घामाने भिजलेले खेळाडू अंगावर जॅकेट ओढून बाकड्यांवर बसतात, मोबाइलवर बघतात की क्षेपणास्त्र कुठल्या दिशेला चाललंय, आपल्या घराकडे तर नाही ना. धोका टळल्याची सूचना आली की परत बाहेर, पुन्हा पाय गरम करायचे, आणि जिथे थांबलं तिथून पुढे. लीग सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ल्वीवमध्ये रूख आणि मेटालिस्ट यांचा सामना तीनदा थांबला आणि एकूण चार तास सत्तावीस मिनिटांनी संपला. नंतर द्निप्रो-1 आणि ओलेक्सांद्रिया यांच्या सामन्याने तोही विक्रम मोडला. सुरुवातीला प्रेक्षकांना बंदीच होती. पुढे परवानगी मिळाली ती निवाऱ्यात जेवढी माणसं मावतील तेवढ्यांनाच.

मोठ्या क्लबांचे परदेशी खेळाडू त्या काळात फिफाच्या विशेष नियमानुसार करार थांबवून निघून गेले. शाख्तारचं त्यात फार नुकसान झालं. कोलोससारख्या संघाची भिस्त मुळातच देशी पोरांवर होती, ती पोरं राहिली. त्यांतल्या कितीतरी जणांचे भाऊ, मामा, वर्गमित्र आघाडीवर असणार. असा खेळाडू शनिवारी चेंडूमागे पळतो तेव्हा मला त्याच्या चुकलेल्या पासचा राग येत नाही.

माझ्या पुतण्याने परवा विचारलं, काका, जो संघ कधी चॅम्पियन होणार नाही त्याचं एवढं काय? तो खेळतो सेंटर हाफ, म्हणून त्याला कोलोसचा अरिसविरुद्धचा बचाव दाखवला. तो गप्प बसून शेवटपर्यंत बघत होता, मध्ये दोनदा मागे नेऊन पाहिलं. आता सामन्याच्या दिवशी तोच आठवण करतो.

तुला पाठवायला म्हणून दोन-तीन सामन्यांच्या हायलाइट्सच्या लिंका काढून ठेवल्यात, अरिसचा सामना आधी बघ. आणि कामावर कोणी कीव प्रांतातल्या घराण्यातलं असेल तर त्याला विचार, लढाई सुरू होण्यापूर्वी कोवालिव्काला सामन्याच्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक कसे यायचे, बसने की आपापल्या गाड्यांनी. चित्रीकरणात तेवढं कळत नाही. येत्या शनिवारी त्यांचा घरचा सामना आहे. तिकडे दुपार, आपल्याकडे संध्याकाळ होत आलेली, आणि तुमच्याकडे भल्या पहाटेची वेळ. तेव्हा तू झोप, निकाल मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.

वहिनींना नमस्कार. मोठ्याला सांग, काकाने चौकशी केली आहे.

तुझा,
प्रकाश